न दिसणाऱ्या उजेडाचा इतिहास

संपादक मंडळाचा निरोप आला, त्यात एक अट होती. मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांवर, सहलींवर आणि खाल्लेल्या छड्यांवर भरपूर लेख आलेत, तू काहीतरी वेगळं लिही. इतिहासावर लिहिलंस तरी चालेल. आता मी पडले इंजिनिअर. दिवसभर संगणकासमोर बसून प्रोग्राम लिहिणारी. शिवकालावर किंवा वसईच्या मोहिमेवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्याच तुकडीत आहेत. म्हणून माझ्या आवाक्यातला इतिहास निवडला आहे. हा इतिहास एका उजेडाचा आहे. प्रगतिपुस्तक हातात देताना सर "काय उजेड पाडलाय" म्हणायचे, तो नव्हे. हा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, आणि तरी त्याच्या रसायनाचा एक धागा थेट आपल्या बोईसरच्या एमआयडीसीत येऊन पोचतो.

या उजेडाला बाजारात 'ब्लॅक लाइट' म्हणतात. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिला आहे. दुकानदार पाचशेची नोट ज्या छोट्या जांभळ्या पेटीखाली धरतो, ती ब्लॅक लाइटचीच. गॅदरिंगमध्ये काळ्या पडद्यापुढे फक्त पांढरे हातमोजे नाचताना दिसतात आणि नाचणारी मुलं दिसत नाहीत, तीही याचीच करामत. पूर्वी त्यासाठी खास नळी आणि चोक लागायचा, आणि नळी मुंबईहून आणावी लागायची. आता पाच मीटरची एलईडी पट्टी काही शे रुपयांत घरपोच येते आणि गणपतीच्या मखरापासून मुलांच्या वाढदिवसापर्यंत सगळीकडे चिकटवली जाते. ती कशी लावावी हे पुढे सांगणार आहेच. आधी ती आपल्यापर्यंत कशी आली ते बघू.

जांभळाच्या पलीकडे

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अतिनील किरण' असा शब्द होता. मराठी विश्वकोशात मात्र याच किरणांना 'जंबुपार' म्हटलं आहे. जंबू म्हणजे जांभूळ. जांभळ्या रंगाच्या पार गेलेले ते जंबुपार. मला हा शब्द जास्त आवडतो. पालघरच्या माणसाला जांभूळ समजावून सांगावं लागत नाही.

१८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन संशोधकाने सूर्यप्रकाशाचा लोलकातून पडलेला सप्तरंगी पट्टा घेतला आणि त्यावर सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद ठेवला. हे रसायन उजेडात काळं पडतं. ते सगळ्यात जलद काळं पडलं ते जांभळ्या रंगाच्याही पुढे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तिथे काहीतरी येत होतं, हे त्यावरून कळलं. आज आपण त्याला मोजमाप देतो. डोळ्यांना दिसणारा उजेड साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याहून आखूड तरंगलांबीचा तो जंबुपार.

बिबळ्याचा पेला

दिसत नाही तो उजेड असून उपयोग काय? उपयोग असा, की काही पदार्थ तो गिळतात आणि त्याऐवजी दिसणारा उजेड बाहेर टाकतात. याला पुस्तकी मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, इंग्रजीत फ्लोरोसन्स. हा चमत्कार माणसाच्या नजरेला प्रथम पडला तो प्रयोगशाळेत नव्हे, लाकडाच्या पाण्यात.

१५६५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी मेक्सिकोहून आलेल्या एका औषधी लाकडाबद्दल लिहिलं. हे लाकूड पाण्यात ठेवलं की पाणी निळसर दिसू लागतं. पुढे याच नावाने जे लाकूड युरोपात विकलं गेलं, त्यातलं काही फिलिपिन्समधल्या एका झाडाचं होतं. ते झाड आपल्या बिबळ्याच्या कुळातलं. सह्याद्रीच्या पानझडी जंगलातला बिबळा आपल्याकडच्या मंडळींना ठाऊक आहे. त्याच्याच लाकडाचे 'विजयसार'चे पेले मधुमेहावर म्हणून विकले जातात. त्याचा गुण येतो की नाही हे डॉक्टरांना विचारावं. पण त्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं तपकिरी पाणी सकाळी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरा. कडेला निळी झाक दिसेल. ऊन जंबुपार किरण आणतं, पाण्यात उतरलेलं लाकडाचं सत्त्व ते गिळून निळा उजेड देतं. दिवा नाही, वीज नाही, पण ब्लॅक लाइटचा परिणाम तोच.

मोनार्देस यांना त्याचं कारण माहीत नव्हतं. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनीनच्या द्रावणात अशीच निळाई पाहिली. हिवतापावरच्या गोळीतलं तेच क्विनीन. उलगडा झाला १८५२ मध्ये. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणाची नळी लोलकाच्या रंगपट्ट्यातून हळूहळू सरकवत नेली. तांबड्यात, पिवळ्यात, हिरव्यात काही झालं नाही. जांभळ्याच्या पार, अंधारात गेल्यावर नळी निळ्या उजेडाने भरली. फ्लोअरस्पार या खनिजावरून त्यांनीच या घटनेला फ्लोरोसन्स हे नाव दिलं.

त्यांचा नियम सोपा आहे. बाहेर पडणारा उजेड गिळलेल्या उजेडापेक्षा जास्त तरंगलांबीचा, म्हणजे कमी ऊर्जेचा असतो. पाचशेची नोट मोडायला द्यावी आणि दलाली कापून चारशेची मोड हातात यावी, तसं. कापलेली दलाली उष्णतेत जाते. म्हणून जंबुपार गिळून निळा, हिरवा, नारिंगी देता येतो. नारिंगी गिळून जंबुपार देता येत नाही. घरी दिवा निवडताना हाच नियम कामाला येणार आहे.

इथे एक गंमत सांगते. १९२३ मध्ये सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिकट वेगळा रंग दिसला. अशुद्धीमुळे आलेली ही 'क्षीण प्रतिदीप्ती' असावी, असं तेव्हा वाटलं. रामन यांचं त्याने समाधान झालं नाही. पुन्हा पुन्हा शुद्ध केलेल्या द्रवांतूनही तो रंग जाईना, आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणाम हाती आला. आपण शाळेत विज्ञान दिन साजरा करतो, तो याच तारखेचा. दुसरी गंमत आपल्या शेजारच्या अणुवीज केंद्राशी जोडलेली आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. वापरलेलं अणुइंधन पाण्याखाली ठेवतात तेव्हा पाण्यात निळा उजेड दिसतो, असं आपण लहानपणी ऐकलं होतं. ते खरं आहे, पण तो उजेड प्रतिदीप्तीचा नव्हे. १९३४ मध्ये पावेल चेरेन्कोव्ह युरेनियमच्या क्षारांच्या प्रतिदीप्तीचाच अभ्यास करत होते आणि नुसत्या द्रवातूनही उजेड येतोय हे त्यांना दिसलं. त्या उजेडाला आज त्यांचं नाव आहे, आणि त्यासाठी १९५८ चं नोबेल. दोन मोठे शोध प्रतिदीप्ती आणि दुसरं काहीतरी यांतला फरक नीट पाहिल्यामुळे लागले.

काळी काच आणि दोन भाऊ

स्टोक्स यांना सूर्य आणि लोलक लागला. घरात किंवा रंगमंचावर हा उजेड आणायचा तर दिव्यातला दिसणारा उजेड अडवून फक्त जंबुपार सोडणारी चाळणी हवी. ती १९०३ मध्ये अमेरिकेतले रॉबर्ट वुड यांनी तयार केली. काचेत निकेल ऑक्साइड मिसळलं की काच जवळजवळ काळी दिसते, पण जंबुपार किरण तिच्यातून पार जातात. 'ब्लॅक लाइट'मधलं ब्लॅक ते हेच. पहिल्या महायुद्धात गुप्त इशाऱ्यांसाठी ती वापरली गेली. १९२५ पासून त्वचारोगतज्ज्ञ तिच्या उजेडात डोक्यावरची बुरशी ओळखू लागले. त्वचेच्या डॉक्टरांकडे आजही असतो तो 'वुड्स लॅम्प' याच वुड यांच्या नावाचा.

त्याला रंगमंचावर आणलं कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या बॉब आणि जो स्वित्झर या भावांनी. १९३३ मध्ये बॉबला अपघात झाला आणि डोळ्यांसाठी त्याला अंधाऱ्या खोलीत राहावं लागलं. जो हौशी जादूगार होता. दोघांनी एक ब्लॅक लाइट मिळवला आणि वडिलांच्या औषधाच्या दुकानातल्या कोठारात रात्री बाटल्यांवर धरून बघितलं, कोणती बाटली चमकते ते. सापडलेली रसायनं लाखेत मिसळून त्यांनी जादूच्या प्रयोगांसाठी रंग केले. पुढे यातूनच दिवसाही भडक दिसणारे डे-ग्लो रंग आले. आज रस्त्यावर काम करणाऱ्याच्या अंगावरचं नारिंगी जाकीट आणि आपल्या वह्यांतला हायलायटर ही त्याच घराण्यातली मुलं.

१९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली आणि काम सोपं झालं. ट्यूबलाइट मुळात जंबुपार दिवाच असतो. आतली पाऱ्याची वाफ जंबुपार किरण देते आणि नळीला आतून लावलेला पांढरा लेप ते गिळून दिसणारा उजेड देतो. लेप बदला, नळी वुडच्या काळ्या काचेची करा, की झाली ब्लॅक लाइटची नळी. १९६१ मध्ये प्रागमध्ये यिर्झी स्र्नेत्स यांनी काळ्या पडद्यापुढे याच उजेडाचं अख्खं नाट्यगृह उभं केलं. आपल्या गॅदरिंगमधल्या हातमोज्यांच्या नाचाचे पणजोबा तिथले.

पांढऱ्या शर्टाचं गुपित

आता हातमोजे का चमकतात ते बघू, कारण इथेच बोईसर येतं.

पांढरा कपडा वापरून वापरून पिवळा पडतो. आपल्या आज्या त्यावर नीळ घालत. नीळ पिवळ्या छटेला झाकते, पण त्यासाठी थोडा उजेड खाते. कपडा पांढरा दिसतो, पण किंचित मंद. निळीचा कपडा ब्लॅक लाइटखाली चमकत नाही. १९२९ मध्ये पॉल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञाने उलटी युक्ती काढली. उजेड खाण्याऐवजी वाढवायचा. हॉर्स चेस्टनटच्या सालीतलं एक चमकणारं द्रव्य त्याने कापडाला लावलं. ते उन्हातले जंबुपार किरण गिळून निळा उजेड देई, आणि पिवळट कापड त्या निळ्याची भर पडून शुभ्र दिसे. ते द्रव्य धुण्यात आणि उन्हात टिकत नव्हतं. पण १९४० च्या सुमारास स्टिल्बीन नावाच्या रसायनापासून टिकाऊ द्रव्यं आली. त्यांना ऑप्टिकल ब्राइटनर म्हणतात. आपल्या आयांनी त्यांना वेगळ्या नावांनी ओळखलं : टिनोपॉल आणि राणीपाल. पुढे ती थेट साबणाच्या पावडरीतच मिसळून येऊ लागली.

म्हणजे सोमवारी प्रार्थनेला रांगेत उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या शर्टांचं तेज धुण्यातून आलं होतं खरं, पण त्यातला एक भाग मळ निघण्याचा नव्हता. तो चिकटलेल्या रसायनाचा होता. वहीचा पांढराशुभ्र कागदही तसाच. नोटेचा कागद मात्र मुद्दाम या द्रव्याशिवाय करतात. म्हणून खरी नोट ब्लॅक लाइटखाली काळवंडते आणि तिच्यातले तंतू आणि नंबर तेवढे चमकतात. साध्या कागदावरची खोटी नोट अख्खी निळी उजळते.

हे ब्राइटनर ज्यापासून होतात, त्या कच्च्या मालाला रंगधंद्यातले लोक डीएएसडीए म्हणतात. आपल्यातले जे बाप-लेक तारापूर एमआयडीसीत कामाला होते किंवा आहेत, त्यांना हा शब्द परका नाही. रंग, रंगांची इंटरमीडिएट, औषधं, कापड, पोलाद अशा कारखान्यांच्या या वसाहतीत ऑप्टिकल ब्राइटनर बनवणारे कारखानेही आहेत. आणि आपल्या कंपासपेटीवर ज्याचं नाव होतं तो कॅमलिनचा कारखानाही इथलाच. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेला हा मराठी उद्योग पुढे तारापूरला आला. आपण बोईसरला राहिलो आणि चमक दुसरीकडून येते असं समजत राहिलो, हे मला हा विषय वाचताना सगळ्यात जास्त जाणवलं.

एलईडी कशी आली

लाल आणि हिरव्या एलईडी १९६० च्या दशकापासून होत्या. रेडिओवरचा तो बारीक लाल ठिपका आठवा. निळी मात्र कोणाला जमत नव्हती. जपानमध्ये नागोयाचे इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो, आणि निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे स्फटिक नीट वाढवायची युक्ती शोधली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झगझगीत निळी एलईडी तयार झाली. आपण तेव्हा शाळेत होतो. २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. याच स्फटिकात मिसळलेल्या इंडियमचं प्रमाण कमी करत नेलं की उजेड निळ्यावरून जांभळ्याकडे आणि पुढे जंबुपारकडे सरकतो. ब्लॅक लाइटची एलईडी त्यातूनच आली.

आणि पांढरी एलईडी? तिच्यात आत निळीच एलईडी असते. वर पिवळा लेप असतो. तो थोडा निळा उजेड गिळून पिवळा देतो, आणि निळं-पिवळं मिळून पांढरं दिसतं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची एलईडी वाटपाची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. नीळही उजाला आणि दिवाही उजाला. पण प्रतिदीप्ती आहे ती दिव्यात, निळीत नाही.

घरी करायचं तर

आता कामाचं बोलू. ज्यांच्या घरी मुलं आहेत, त्यांच्यासाठी.

एक. 'जांभळा' म्हणजे ब्लॅक लाइट नव्हे. रंग बदलणाऱ्या रिमोटच्या पट्टीतला जांभळा हा लाल आणि निळा मिळून होतो. त्यात जंबुपार काहीच नसतं. मोबाइलच्या फ्लॅशवर निळ्या-जांभळ्या स्केचपेनने रंगवलेली सेलोटेप लावायची युक्ती फिरत असते, तिथेही तेच. फ्लॅशमध्ये निळा उजेड आहे, म्हणून हायलायटरची रेघ थोडी चमकेल. पांढरा शर्ट चमकणार नाही. जे मुळात दिव्यात नाही, ते चाळणी लावून येत नाही.

दोन. पाकिटावर नॅनोमीटरचा आकडा बघा. ३९५ ते ४०५ ची पट्टी स्वस्त असते, तिचा थोडा जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो, आणि फ्लोरोसंट रंगांसाठी ती पुरते. ३६५ चा टॉर्च महाग, पण त्याचा परिणाम स्वच्छ. काळ्या काचेचा फिल्टर असलेला घ्या, नाहीतर त्यातून फिकट पांढरा उजेड गळतो आणि सगळी मजा धुऊन जाते.

तीन. पट्टी डोळ्यांपुढे नको. पेल्मेटच्या मागे, टेबलाच्या कडेखाली किंवा मखराच्या आतल्या बाजूने अशी लावा, की दिवे दिसणार नाहीत, त्यांचा उजेड वस्तूंवर पडेल. पाच मीटरच्या साध्या पट्टीला बहुधा १२ व्होल्ट आणि २ ॲम्पिअरचा अडॅप्टर लागतो. पट्टीवरचे वॅट वाचून घ्या. खोली खरोखर अंधारी करा. टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा झाका.

चार. रंग फ्लोरोसंटच लागतात. काळ्या किंवा गेरूच्या रंगाच्या चार्टपेपरवर फ्लोरोसंट पोस्टर कलरने वारली चित्र काढून बघा. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर अंधारात उभा राहतो. साधा पांढरा पोस्टर कलर वापरू नका. बहुतेक पांढऱ्या रंगांत टिटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जंबुपार गिळतं आणि परत काही देत नाही. उजेडात सगळ्यात पांढरी दिसणारी आकृती तिथे मळकी दिसते. आणि हे रंग उन्हात उडतात. विसर्जन झालं की चित्र गुंडाळून कपाटात ठेवा.

पाच. स्वयंपाकघर ही चांगली प्रयोगशाळा आहे. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घातली की हिरवट पिवळी चमक येते. पालक कुस्करून स्पिरिटमध्ये गाळला की हिरवा रस रक्तासारखा लाल दिसतो. तो हरितद्रव्याचा उजेड. बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवली की पिवळा. टॉनिक वॉटर निळं, कारण त्यात स्टोक्स यांचं क्विनीन आहे. व्हॅसलीन निळसर. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी बोटाने खाकी कागदावर लावून नाव लिहा, वाळू द्या, दिवा लावा.

सहा. विंचूही या उजेडात हिरवट निळा चमकतो. नुकती कात टाकलेला तेवढा चमकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडांच्या ढिगात, चपलांत, कौलांखाली विंचू असतोच. कोकणातल्या विंचवाच्या विषाने माणसं जात, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यांना वाचवायची वाट दाखवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाड्यावर किंवा शेतघरावर राहणाऱ्यांनी असा एक टॉर्च दाराशी ठेवावा. रात्री लाकडं उचलण्याआधी एकदा फिरवावा.

सात, आणि हे मुलांना आधी सांगा. दिव्याकडे थेट बघायचं नाही. ३६५ चा उजेड दिसत नाही, म्हणून डोळ्याची बाहुली आकसत नाही आणि आपण बेसावध राहतो. 'यूव्ही ४००' लिहिलेला पारदर्शक चष्मा घालावा. आणि कोरोनाच्या काळात घरात आलेले जंतू मारणारे दिवे, ज्यांवर 'यूव्ही-सी' किंवा २५४ नॅनोमीटर लिहिलेलं असतं, ते या कामाला कधीही वापरू नका. ते कातडी आणि डोळे भाजतात.

नाल्यातला पांढरेपणा

शेवटी या उजेडाचा एक उपयोग सांगते, ज्यासाठी खरं म्हणजे हा लेख लिहिला.

कपड्यांना चिकटलेलं ब्राइटनर प्रत्येक धुण्यात थोडं पाण्यात जातं. ते पाण्यात सहज कुजत नाही. म्हणून जगभरात सांडपाणी नदी-नाल्यात कुठून शिरतं हे शोधायला त्याचाच वापर करतात. ब्राइटनर नसलेल्या कापसाचा तुकडा जाळीत घालून काही दिवस पाण्यात सावलीला सोडतात. ब्राइटनर पाण्यात असेल तर ते कापसाला धरतं. मग तो धुऊन, अंधारात वाळवून ब्लॅक लाइटखाली बघतात. निळा चमकला, तर वरच्या अंगाला साबणाचं किंवा ब्राइटनरचं पाणी मिसळतंय. पानांच्या कुजण्यानेही पाणी थोडं चमकतं. म्हणून ही खूण आहे, पक्का पुरावा नव्हे. पक्कं करायचं तर प्रयोगशाळेतच जावं लागतं. पण खूण कुठे शोधायची, हे या कापसावरून कळतं.

आपल्याकडचं पाणी कसं आहे हे वेगळं सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा आकडा सर्वांत वर होता, ९३.६९. मासेमारीवर पोट असणाऱ्यांनी हे आकड्याआधी जाळ्यात पाहिलं होतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मुरबे, नवापूर, दांडी, सातपाटीची मुलं आपल्याच बाकावर बसत होती. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तर तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी उठलीच. आपल्यातल्या निम्म्यांचे शाळेचे पैसे एमआयडीसीच्या पगारातून आले, काहींचे जाळ्यातून. म्हणून कारखान्याला नुसती शिवी देऊन मला मोकळं होता येत नाही, आणि पाण्याकडे पाठ फिरवूनही नाही.

म्हणून ही सूचना. स्नेहमेळाव्यातून जो निधी जमेल, त्यातून शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेला काळ्या फिल्टरचे ३६५ नॅनोमीटरचे दोन टॉर्च, दहा चष्मे आणि तपासून घेतलेला कापूस द्यावा. तपासून यासाठी, की दुकानातला काही कापूस मुळातच ब्राइटनर लावून आलेला असतो. टॉर्चखाली न चमकणाराच घ्यायचा. आठवी-नववीच्या मुलांनी घरची विहीर, कूपनलिका, ओहोळ आणि नळाचं पाणी अशा ठरलेल्या सात-आठ जागी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कापूस ठेवावा, आणि दर वर्षी त्याच जागांची नोंद एका वहीत करावी. एमआयडीसीच्या नाल्याजवळ मुलांना पाठवू नये. तिथला नमुना आपल्यापैकी मोठ्यांनी हातमोजे घालून घ्यावा. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या, की ती वही घेऊन ग्रामपंचायतीत किंवा प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात जाता येईल. नुसत्या तक्रारीपेक्षा तारखा असलेली वही जास्त बोलते, हे आपल्याला इतिहासाच्या बाईंनीच शिकवलं आहे.

टॉर्च आणि चष्मे मी पाठवते. जागा कोणत्या घ्यायच्या ते बोईसर-पालघरला राहिलेल्यांनी ठरवावं आणि पहिली नोंद मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी व्हावी.